सायन्सचे मार्क, डॉक्टर व्हायचं स्वप्न आणि मधला गुंता

दहावीचा निकाल लागला की सांगलीत विश्रामबागपासून मिरजेपर्यंत क्लासवाल्यांचे फ्लेक्स लागतात, वर टॉपरचे फोटो, खाली टक्के, आणि घरोघरी एकच विषय, "मग काय, सायन्स ना?" सायन्सला ऐंशीच्या वर पडले असतील तर सायन्स, नसतील तर कॉमर्स नाहीतर डिप्लोमा, असा आपला सरळ हिशोब. म्हणजे आपण धरूनच चालतो की आधी मार्क आणि मग स्वप्न, आणि जेवढे मार्क तेवढंच स्वप्न बघायचं, त्याच्यावर बघितलं तर लोक हसतात.

पण ह्या विषयावर जगभरात भरपूर अभ्यास झालाय, लाखो पोरांचा डेटा आहे, आणि त्यातनं जे निघतं ते एवढं सरळ नाही. सायन्समधली गुणवत्ता आणि सायन्समधलं करिअर करायचं स्वप्न ह्यांचं नातं आहे, नक्की आहे, पण ते आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच सैल आहे, स्वप्न स्वतःहून पण काम करतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डॉक्टर-नर्स व्हायचं स्वप्न आणि इंजिनिअर-शास्त्रज्ञ व्हायचं स्वप्न हे एकाच पोत्यात भरलं की सगळा हिशोब चुकतो. जरा निवांत सांगतो.

आधी हे मोजतात कसं ते बघू. पिसा म्हणून एक परीक्षा आहे, ओईसीडी ही बहुतेक श्रीमंत देशांची संघटना ती २००० सालापासून घेते, साधारण दर तीन वर्षांनी, पंधरा वर्षांच्या पोरांची, म्हणजे आपल्या नववी-दहावीच्या वयाची. गणित, वाचन, विज्ञान तिन्ही असतं पण प्रत्येक वेळी जोर एकावर. विज्ञानावर जोर होता २००६ ला, मग २०१५ ला आणि परत २०२५ ला. २०१५ ला ७२ देश-प्रदेशांतली साधारण ५ लाख ४० हजार पोरं बसली होती. पाठांतराचा पेपर नसतो हा, "व्याख्या लिहा" वगैरे नाही, एखाद्या प्रयोगाचा आलेख दाखवतात आणि विचारतात की ह्यावरनं काय सिद्ध होतं आणि काय होत नाही. आपल्या बोर्डाच्या पेपरला सरावलेलं पोरगं पहिल्या पाच मिनिटांत गांगरेल असलं काम.

पेपर झाला की एक लांबलचक प्रश्नावली येते आणि त्यात एक साधा प्रश्न असतो, तुम्ही साधारण तीस वर्षांचे व्हाल तेव्हा कुठलं काम करत असाल असं तुम्हाला वाटतं? पर्याय नाहीत, रिकामी ओळ, हवं ते लिहा. ह्या प्रश्नाची मांडणी मला फार आवडते, कारण "मोठेपणी कोण व्हायला आवडेल" असं विचारलं की पोरं क्रिकेटर, यूट्यूबर, कलेक्टर काहीही लिहितात, पण "तीस वर्षांचे व्हाल तेव्हा" म्हटलं की जरा जमिनीवर येतात, घरची परिस्थिती, आपले मार्क, वडिलांना झेपेल का, हे सगळं मनातल्या मनात धरून लिहितात. म्हणून तज्ज्ञ ह्याला नुसती इच्छा समजत नाहीत, पोराला स्वतःचं भविष्य जसं दिसतंय तसं त्यानं सांगितलंय असं समजतात.

मग ही लाखो उत्तरं कोडमध्ये बदलायची. त्याच्यासाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची कामधंद्यांची यादी आहे, इस्को-०८ नावाची, त्यात जगातल्या प्रत्येक कामाला नंबर दिलाय. साधा डॉक्टर २२११, स्पेशालिस्ट २२१२, नर्स २२२१, जनावरांचा डॉक्टर २२५०, फार्मासिस्ट २२६२, फिजिओथेरपिस्ट २२६४ असं. ह्यातली कुठली कामं "विज्ञानातली" धरायची ते पिसानं ठरवलंय आणि त्याचे चार गट केलेत, एक शास्त्रज्ञ आणि इंजिनिअर, दुसरा आरोग्यातले लोक, तिसरा कॉम्प्युटरवाले आणि चौथा टेक्निशियन. आता ह्यात एक मेख आहे. पारंपरिक आणि पूरक उपचार करणाऱ्यांचा, म्हणजे आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरेंचा जो गट आहे तो आरोग्यात मोडत असला तरी पिसानं विज्ञानाच्या यादीतनं बाहेर ठेवलाय. आपल्याकडं आटपाडी नाहीतर माण भागातल्या गावांतल्या दवाखान्यांच्या पाट्या वाचा, बीएएमएस, बीएचएमएस, आणि गावाला ते डॉक्टरच, रात्री अपरात्री तेच उठून येतात. म्हणजे पोरानं नुसतं "डॉक्टर" लिहिलं तर ते विज्ञानात, "आयुर्वेदिक डॉक्टर" लिहिलं तर बाहेर. बरोबर का चूक तो वेगळा वाद आहे, मी फक्त एवढंच म्हणतोय की टक्केवारी वाचताना त्याच्या पोटात काय काय भरलंय ते माहीत असलेलं बरं.

भारत ह्या परीक्षेत एकदाच उतरला, २००९ च्या फेरीत, ते पण फक्त तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश, आणि दोघंही यादीत अगदी तळाशी आले. मग आपण म्हटलं प्रश्न आपल्या पोरांच्या ओळखीचे नव्हते, आणि घरी बसलो. त्यामुळं पुढचे पिसाचे आकडे बाहेरचे आहेत, पण त्यात आपलं तोंड दिसतं की नाही ते तुम्हीच बघा.

२०१५ ला ओईसीडी देशांत सरासरी चारातलं एक पोरगं म्हणालं की तीसाव्या वर्षी मी विज्ञानातलं काहीतरी करत असेन. आता गुणवत्तेप्रमाणं फोडून बघू. विज्ञानात अगदी कच्ची, म्हणजे पिसाच्या दुसऱ्या पायरीच्या खाली असलेली जी पोरं, त्यांच्यात हे प्रमाण १३ टक्के. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर २३ टक्के, चौथ्या पायरीवर ३४ आणि सगळ्यात वरच्या हुशार पोरांत ४२ टक्के. म्हणजे चढ आहे, सरळ चढ आहे, गुणवत्ता वाढली की स्वप्न बघणारे वाढतात, इथपर्यंत आपला गावठी हिशोब बरोबर निघाला.

पण हेच आकडे उलट्या बाजूनं वाचा. सगळ्यात हुशार पोरांतली निम्म्याहून जास्त म्हणतायत आम्हाला सायन्समध्ये काही करायचं नाही. वकील, मॅनेजर, शिक्षक, आणि काही जणांना काहीच सुचलेलं नाही. आणि अगदी कच्च्या पोरांतलं पण आठातलं एक म्हणतंय की मी होणार डॉक्टर नाहीतर इंजिनिअर. आपल्याकडं ९५ टक्के मिळवून पोरगी म्हणाली मला इतिहास घ्यायचाय तर आत्यापासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळे समजवायला येतात, जसं काय पोरीचं डोकं फिरलंय. जगाच्या हिशोबानं ती बहुमतात आहे.

आता खरा गुंता पुढं आहे. एका देशाच्या आत बघितलं तर हुशार पोरं जास्त स्वप्न बघतात. पण देशादेशांची तुलना केली की चित्र उलटं. जपानचा २०१५ चा विज्ञानाचा स्कोअर ५३८ (सरासरी पाचशेच्या आसपास असते), फिनलंडचा ५३१, दोन्ही जगात वरच्या रांगेत, आणि तिथं विज्ञानातलं करिअर म्हणणारी पोरं किती, तर जपानात १८ आणि फिनलंडमध्ये १७ टक्के. कोरिया पण तसाच, १९ च्या आसपास. आणि मेक्सिको, स्कोअर ४१६, तिथं ४० टक्के पोरं म्हणतात आम्ही विज्ञानात जाणार. डोमिनिकन रिपब्लिक, स्कोअर ३३२, अगदी तळाला, आणि तिथं तर ४५ टक्क्यांच्या वर!

हे वाचून एखादा म्हणेल की बघा, म्हणजे स्वप्न बघितल्यानं मार्क कमी होतात. नाही हो. आतलं नातं आणि बाहेरचं नातं वेगळं असू शकतं, ही आकड्यांची जुनी खोड आहे. जपानातला पोरगा बघतो की साध्या नोकरीतपण माणूस नीट जगतो, त्यामुळं डॉक्टर झालोच पाहिजे असा जीवाचा आटापिटा नाही. जिथं चांगल्या पगाराच्या नोकऱ्या थोड्या आणि बाकीचं सगळं भरवशाचं नाही, तिथं डॉक्टर-इंजिनिअर हीच वर जायची शिडी दिसते, मग मार्क असोत नसोत सगळे त्याच शिडीकडं बघतात. हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. जत तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला पोरगं डॉक्टर का व्हायला पाहिजे ते त्याला पावसाच्या आकड्यावरनं कळतं. दुसरं कारण असं की स्वतःला हुशार समजायचं माप सगळीकडं वेगळं असतं, ह्याच्याबद्दल पुढं सांगतो कारण सांगलीच्या क्लासमध्ये जाणाऱ्या प्रत्येक पोराच्या आईबापाला ते माहीत पाहिजे.

बरं, मग आधी काय, कोंबडी का अंडं? मार्क चांगले म्हणून डॉक्टर व्हायचंय, का डॉक्टर व्हायचंय म्हणून मार्क चांगले? पिसा ह्याचं उत्तर देऊ शकत नाही कारण तिथं दोन्ही गोष्टी एकाच दिवशी विचारतात. त्यासाठी त्याच पोरांच्या मागं वर्षानुवर्षं जायला लागतं. अमेरिकेत तसं केलं होतं, १९८८ ला आठवीत असलेली पोरं घेतली, तेव्हाच त्यांना तीसाव्या वर्षी काय करणार ते विचारलं आणि पुढं २००० पर्यंत त्यांचा माग ठेवला. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या रॉबर्ट ताई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ ला त्याचा हिशोब 'सायन्स' मासिकात छापला. मार्क, घरची परिस्थिती वगैरे सगळं सारखं धरून बघितलं तरी, आठवीत ज्यांनी विज्ञानातलं काम लिहिलं होतं त्यांनी जीवशास्त्राच्या बाजूची पदवी घ्यायची शक्यता बाकीच्यांच्या १.९ पट आणि भौतिकशास्त्र-इंजिनिअरिंगच्या बाजूची घ्यायची शक्यता ३.४ पट निघाली.

त्यातलाच एक आकडा तर मला वाटतं सगळ्या शाळांच्या स्टाफरूममध्ये लावावा. पदवी मिळवलेल्या पोरांत बघितलं तर, गणितात जेमतेम सरासरी असलेलं पण आठवीत "मी विज्ञानात जाणार" म्हटलेलं पोरगं, त्याची इंजिनिअरिंग किंवा भौतिकशास्त्राच्या बाजूची पदवी घ्यायची शक्यता ३४ टक्के. आणि गणितात एकदम हुशार पण तसं न म्हटलेलं पोरगं, त्याची १९ टक्के. म्हणजे सरासरी मार्कवाला पण ठरवलेला, हुशार पण न ठरवलेल्याच्या पुढं गेला, आणि तोही थोडाथोडका नाही. अर्थात ठरवलं की झालं असं ह्यातनं निघत नाही, १०० तले ६६ तरी दुसरीकडंच गेले की. आणि आठवीतल्या पोरानं तसं लिहिलं त्याच्यामागं घरातलं वातावरण, एखादा चांगला सर, असं बरंच न मोजलेलं असणार. पण मार्क बघून पोराची लायकी ठरवणाऱ्यांनी ह्या दोन आकड्यांपुढं जरा थांबायला हरकत नाही.

आता पोरी आणि पोरं. २०१५ ला ओईसीडी देशांत विज्ञानातलं करिअर म्हणणारे मुलगे २५ टक्के, मुली जवळजवळ २४. वरवर बघितलं तर वाटतं वा, बरोबरी झाली, विषय संपला. आता ते पोतं उघडा. आरोग्यात जाणार म्हणणाऱ्या मुली १७.४ टक्के, मुलगे ५.९. शास्त्रज्ञ नाहीतर इंजिनिअर होणार म्हणणारे मुलगे १२.२, मुली ५.३. आणि कॉम्प्युटर, मुलगे ४.८ टक्के आणि मुली, बसा खाली, ०.४ टक्के. हजारात चार. म्हणजे बरोबरी कुठंच नाही, दोन वेगळी जगं आहेत आणि बेरीज योगायोगानं सारखी आलीय. २००६ च्या डेटावर सिकोरा आणि पोक्रोपेक ह्या दोघांनी ५० देश बघितले होते तेव्हाही हेच दिसलं, मुली जीवशास्त्र, शेती, आरोग्य ह्या बाजूला आणि मुलगे कॉम्प्युटर, इंजिनिअरिंग, गणित ह्या बाजूला, आणि हे श्रीमंत-गरीब सगळीकडं.

आणि ह्याचं कारण मुली सायन्समध्ये कच्च्या असं म्हणायला जागाच नाही, कारण २०१५ ला मुलगे-मुलींच्या विज्ञानाच्या सरासरीत फरक होता फक्त ४ गुणांचा, पाचशेच्या आसपासच्या सरासरीवर, म्हणजे काहीच नाही, आणि फिनलंडमध्ये तर मुली १९ गुणांनी पुढं. गुण सारखे आणि वाटा वेगळ्या. म्हणूनच म्हणतोय की "सायन्सची आवड" म्हणून एकच गोष्ट मोजली की काही कळत नाही. आरोग्यात जायचं स्वप्न बघणाऱ्या पोरीला कदाचित माणसांत राहून काम करायचंय, कुणाच्या तरी उपयोगी पडायचंय, आणि सायन्स हे तिच्यासाठी तिथं जायचा टोलनाका आहे. तिला बायो आवडत असेल, फिजिक्स नसेलही आवडत. तिला "तुझं सायन्स चांगलंय, आयटीला जा" म्हणणं म्हणजे तिनं काय सांगितलं ते ऐकलंच नाही.

आणि मिरजेत राहणाऱ्या पोरीनं आरोग्य म्हणू नये तर काय म्हणावं? डॉ. विल्यम वानलेस ह्या मिशनरी डॉक्टरनं १८९४ ला इथं हॉस्पिटल सुरू केलं, १९६२ ला सरकारी मेडिकल कॉलेज आलं, आणि आज गावात एका रस्त्यानं चालत गेलं तर ओळीनं हॉस्पिटलं, लॅब, मेडिकल दुकानं, कर्नाटकातनं रेल्वेनं आलेले पेशंटचे नातेवाईक हातात एक्सरेची पिशवी घेऊन पत्ता विचारत असतात. लहानपणापासनं पोरगी हे बघते. तिकडं साताऱ्याजवळ अपशिंगे मिलिटरी गाव आहे, नावातच मिलिटरी, पिढ्यानपिढ्या घराघरातनं फौजेत माणूस, तिथल्या पोराला विचारा तीसाव्या वर्षी काय करशील, उत्तर वेगळं येणार. पोरं जे डोळ्यानं बघतात त्यातनं निवडतात, हे तर उघड आहे. २०२३ च्या असर सर्वेक्षणात, जे आपल्याकडच्या ग्रामीण भागातल्या १४ ते १८ च्या पोरांचं होतं, त्यात हेच दिसतं, मुलांचं आवडतं उत्तर पोलीस नाहीतर सैन्य, मुलींचं शिक्षिका नाहीतर डॉक्टर. आणि ज्या कामाचं स्वप्न बघतोय ते काम करणारा एकही आदर्श माणूस डोळ्यापुढं नाही असं म्हणणारी पोरं ४० टक्क्यांच्या वर होती, मुली मुलांपेक्षा जास्त. त्याच सर्वेक्षणात अकरावी आणि त्याच्या पुढं सायन्स घेतलेले मुलगे ३६ टक्के आणि मुली २८.

पण मला जास्त डाचतं ते दुसरंच, की समोर असलेलं सायन्स पोरांना सायन्स म्हणून दिसतच नाही. तासगावकडं माझ्या मावसभावाची द्राक्षबाग आहे, जीए, म्हणजे वाढीसाठी फवारतात ते जिबरेलिक ॲसिड, मारायचा दिवस होता, दोनशे लिटरच्या बॅरलपाशी त्याची आठवीतली पोरगी उभी. "पप्पा, दहा पीपीएम म्हंजे दोनशे लिटरला दोन ग्रॅमच ना?" तो म्हणाला, "हां, दोनच. थांब, आधी ॲसिटोनमध्ये विरघळू दे मला, डायरेक्ट पाण्यात टाकलं की गुठळ्या ऱ्हातात." मग तिनं पट्टी बुडवून पाण्याचा पीएच बघितला, वहीत लिहिला, मागच्या वेळचा काढून ताडून पण बघितला. मी म्हटलं, सायन्स भारी दिसतंय गं तुझं. तर म्हणते, "कुठलं ओ काका, सायन्सला पंचावन्नच पडतात मला."

विट्याकडं जा. खानापूर-आटपाडी भागातले गलाईवाले देशभर सोनं-चांदी शुद्ध करायचा धंदा करतात. नायट्रिक ॲसिडमध्ये उकळलं की चांदी-तांबं विरघळतं, सोनं तसंच राहतं, मग त्या द्रावणात तांब्याची पट्टी सोडली की चांदी परत बाहेर येते. दहावीच्या पुस्तकात विस्थापन अभिक्रिया म्हणून हेच आहे, फक्त तिथं कॉपर सल्फेटमध्ये जस्त असतं. गलाईवाल्याच्या पोराला तो धडा येत असेल, नसेल, पण आपले वडील रोज केमिस्ट्री करतात असं त्याला कुणी वर्गात सांगितलेलं नसतं.

तेव्हा लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये असलेल्या लुईस आर्चर ह्यांनी २००९ पासून अॅस्पायर्स नावाचा मोठा अभ्यास केला, १० ते १४ वर्षांची इंग्लंडमधली पोरं. बहुतेक पोरं म्हणत होती सायन्स आवडतं, सर चांगलं शिकवतात, घरचे पण म्हणतात सायन्स महत्त्वाचंय, आणि तरी शास्त्रज्ञ व्हायला आवडेल म्हणणारी फक्त १५ टक्क्यांच्या आसपास. आवडतं, पण ते "आपल्यासारख्यांचं काम नाही". आणखी एक गोष्ट त्यांना सापडली, सायन्स शिकून काय होता येतं विचारलं की बहुतेकांना तीनच उत्तरं यायची, शास्त्रज्ञ, सायन्सचा शिक्षक नाहीतर डॉक्टर. मग ज्याला हे तिन्ही नकोत त्याच्या दृष्टीनं सायन्स संपलं. ह्या लोकांनी "सायन्स कॅपिटल" म्हणून कल्पना मांडली, म्हणजे पैशाचं भांडवल असतं तसं सायन्सचं पण घरात भांडवल असतं, ओळखीत कोण सायन्सच्या कामात आहे, जेवताना असले विषय निघतात का, आईवडील हे आपलं समजतात का. त्या आठवीतल्या पोरीकडं हे भांडवल आहे, बॅरलभर आहे, पण तिच्या खात्यावर कुणी ते चढवलेलं नाही.

आता ते मघाशी राहिलेलं, स्वतःला हुशार समजायचं माप. हर्बर्ट मार्श ह्यांनी १९८० च्या दशकात हे नीट मांडलं, छोट्या तळ्यातला मोठा मासा म्हणतात त्याला. पोरगं आपली हुशारी काही जगाच्या स्कोअरवर मोजत नाही, आजूबाजूच्या पोरांत आपला नंबर कितवा ह्याच्यावर मोजतं. पलूस नाहीतर कवठेमहांकाळच्या शाळेत पहिला येणारा पोरगा, गावानं सत्कार केलेला, सांगलीला येतो नाहीतर लातूर-कोटा गाठतो, तिथं ऐंशी पोरांची बॅच आणि सगळे आपापल्या गावचे पहिलेच. पहिल्या टेस्टला तेहतिसावा नंबर. त्याचं ज्ञान एका रात्रीत कमी झालं का? उलट वाढलंच असेल, शिकवणारे चांगले, पोरं चांगली. पण त्याच्या डोक्यात "मी सायन्समध्ये हुशार" हे जे होतं ते खाली येतं, आणि करिअरचं स्वप्न प्रत्यक्ष गुणांपेक्षा ह्या वाटण्यावर जास्त टेकलेलं असतं. दिवाळीत घरी आलं की पोरगं म्हणतं मला नाही जमणार, आणि घरचे म्हणतात एवढी फी भरली आणि आता हे काय. एवढी फी भरली म्हणूनच हे झालंय हो, तळं बदललंय. जपान-कोरियाच्या पोरांचं पण काही अंशी असंच असतं असं म्हणतात, सगळेच हुशार, त्यामुळं स्वतः हुशार असल्याचं कुणालाच फारसं वाटत नाही.

ह्याच्यात गरिबीचा हिशोब वेगळा. ओईसीडीनं २०२० ला पिसाच्या २०१८ च्या उत्तरांवर एक अहवाल काढला, त्यात दिसलं की सारखेच गुण असलेली दोन हुशार पोरं घेतली, एक श्रीमंत घरातलं, एक गरीब, तर गरीब घरातलं पोरगं छोटी उडी लिहितं. त्याच अहवालात हे पण होतं की ४१ देशांतल्या ५३ टक्के मुली आणि ४७ टक्के मुलगे आपापल्या ठरलेल्या दहा कामांतलंच एखादं लिहितात. जगात कामं हजारो, आणि निम्मा वर्ग दहा ओळींत संपतो.

आपल्याकडं तर त्या दहाची पण एकच झालीय. २०२४ ला नीटला २३ लाखांच्या वर पोरं बसली आणि एमबीबीएसच्या जागा देशभरात एक लाखाच्या थोड्या वर. वीसातला एक म्हणा. त्यात सरकारी फीच्या जागा साधारण निम्म्या. म्हणजे बाकीच्या एकोणीस जणांना आरोग्यात काम करायचं होतं, निदान लिहिलं तरी होतं, आणि त्यांच्या हातात काय तर रिपीटरची बॅच. एकदा, दोनदा. पोराला स्वप्न "आरोग्य" असं मोठं होतं का "एमबीबीएस" एवढंच, हे कुणी विचारलेलंच नसतं, बहुतेक वेळा पोराला स्वतःलाही माहीत नसतं.

म्हणून माझं म्हणणं, पोरगं म्हणालं डॉक्टर, तर लगेच खूश होऊ नका आणि मार्क काढून हिणवू पण नका, पुढचा प्रश्न विचारा, त्यातलं काय आवडतं? माणसांशी बोलणं, का आजार शोधणं, का ऑपरेशन, का पांढरा कोट आणि मान? मिरजेतल्या एका साध्या हाडाच्या ऑपरेशनमागं सर्जन एक असतो, आणि त्याच्याभोवती भूल देणारा डॉक्टर, ओटी टेक्निशियन, नर्स, एक्सरे काढणारा, रक्त तपासणारा, औषधं देणारा फार्मासिस्ट, नंतर महिनाभर गुडघा वाकवून घेणारा फिजिओ. ह्यातल्या प्रत्येकाला वेगवेगळं सायन्स वेगवेगळ्या मापात लागतं. ओळखीचा कुणी असेल तर पोराला एक दिवस नुसतं शेजारी बसू द्या, एखाद्या लॅबमध्ये, द्राक्षाचं देठ परीक्षण करणाऱ्या लॅबमध्ये पण चालेल, तिथं पण सायन्सवालीच पोरं-पोरी काम करतात.

आणि अकरावीला विषय निवडताना घाई नको. आपल्याकडं "डॉक्टर व्हायचंय ना, मग गणित कशाला" म्हणून गणित सोडतात, किंवा "इंजिनिअरिंगच" म्हणून बायो. गणित सोडलं की इंजिनिअरिंगची सीईटी बंद, बायो सोडलं की नीटची सरळ वाट बंद, आणि त्याबरोबर फिजिओथेरपी, बीएस्सी नर्सिंगची पण. पंधराव्या वर्षी लिहिलेलं उत्तर सतराव्या वर्षी बदलतं, बऱ्याच जणांचं बदलतं, त्यामुळं ज्याला झेपतंय त्यानं चारही विषय ठेवलेले बरे. ज्याला नाही झेपत त्यानं हे तरी माहीत ठेवावं की जीएनएम ह्या नर्सिंगच्या डिप्लोम्याला आर्ट्सवाल्यांनाही घेतात, आणि बी फार्मला गणित किंवा बायो दोन्हीपैकी काहीही चालतं.